पायलच्या डोळ्यांचा पडदा

डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी फाईल समोर ठेवली, यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?"

मी मान खाली घातली. यांनी सरळ सांगून टाकलं, "हो मॅडम. ही माझ्या मामाची मुलगी. सख्ख्या मामाची."

मॅडमनी फाईलची मागची पानं उलटली. वर्षापूर्वीच्या दुसऱ्या दवाखान्याचा कागद त्यात होता. त्यावर याच प्रश्नापुढे 'नाही' लिहिलेलं होतं. त्या दिवशी हे कारखान्यात दिवसपाळीला होते आणि आमच्या मुलीला, पायलला, मीच घेऊन गेले होते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

मग त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. रेटिनायटिस पिगमेंटोसा. मला ते म्हणता येईना. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्याला रेटिना म्हणतात. बाहेरचं चित्र त्या पडद्यावर उमटतं आणि तिथून मेंदूकडे जातं. या रोगात पडद्यातल्या पेशी एकेक करून मरतात. आधी अंधारात दिसायचं बंद होतं, मग बाजूचं, आणि शेवटी समोरचं.

यांनी विचारलं, "ऑपरेशन?"

"नाही."

"औषध?"

"नाही."

"चष्मा तरी?"

"चष्म्यानं समोरचं थोडं साफ दिसेल. रोग थांबणार नाही."

पायल तेव्हा दहा वर्षांची होती. डोळ्यांत थेंब घालून तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. ती तिथल्या नर्सला विचारत होती, की गांडुळाला डोळे नसतात तर मग त्याला उजेड झाला ते कसं कळतं. तिचा आवाज दारातून आत येत होता.

मी चौथी शिकलेली आहे. माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, वहीत निघतो. पायलच्या जुन्या वह्यांची कोरी पानं मी यासाठी काढून ठेवली आहेत. एखाद्या आईचं मूल असंच अंधारात अडखळत असेल तर तिला हे उपयोगी पडावं असं वाटतं. ही वही तिच्यापर्यंत कशी जाईल ते मला माहीत नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगते. पायल सहा-सात वर्षांची असताना संध्याकाळी जिन्यात पडायची. दारातली बादली तिला दिसायची नाही. आमच्या जिन्यात दिवसासुद्धा अंधारच असतो, म्हणून मला वाटायचं पोरगी धांदरट आहे. मी घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. एकदा खड्यांची भरलेली ताटली तिच्या पायानं उडाली. तेव्हा मी तिला मारलं. ती म्हणाली, "आई, ताटली नव्हतीच तिथं." मला वाटलं खोटं बोलते आहे.

आम्ही सुरतला भेस्तानमध्ये राहतो, तिथं आमच्या शेजारी हंसाबेन राहतात. त्यांच्याच लक्षात पहिल्यांदा आलं. त्या म्हणाल्या, "आ छोकरीने सांजे देखातुं नथी." म्हणजे या पोरीला संध्याकाळी दिसत नाही. मग मी तिला जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. सोबत म्हणून हंसाबेनही आल्या.

आता माझी चूक सांगते. परभणीकडे आमच्यात आत्याच्या घरात मुलगी देतात. माझी सासू ही माझी सख्खी आत्या आहे. आमच्याकडे याचं सगळ्यांना कौतुकच असतं, मुलगी परक्यात गेली नाही म्हणून. पण सुरतला आल्यावर एकदा मी ही गोष्ट हंसाबेनना सांगितली तेव्हा त्यांनी गालावर हात मारून घेतला. "हाय हाय! मामा-फोईनां छोकरां तो भाई-बेन कहेवाय!" म्हणजे मामा-आत्याची मुलं तर भाऊ-बहीण. आणि पदर तोंडाला लावून हसल्या. नळावरच्या बायकांनाही सांगितलं. कितीतरी दिवस एकजण मला बघून म्हणायची, "केम, तारा भाई घेर आव्या?" म्हणजे तुझा भाऊ घरी आला का. मी पाणी भरून खाली मान घालून यायची.

त्या दवाखान्यात डॉक्टरनी विचारलं, "नात्यात लग्न?" हंसाबेन शेजारी बसल्या होत्या. मी म्हणाले, "नाही."

त्यांनी अ जीवनसत्त्व कमी आहे असं धरून औषध दिलं. गाजर, पपई, शेवग्याचा पाला खायला सांगितला. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर परत या म्हणाले. फरक पडला नाही. पण मी परत गेले नाही. ते पुन्हा तोच प्रश्न विचारतील, याची मला भीती वाटायची. वर्षभर मी पायलला पपई खाऊ घातली. ती म्हणायची, "आई, ससा एवढी गाजरं खातो, मग त्याला रात्री दिसतं का?" मी म्हणायची, गप खा.

शेवटी यांना घेऊन मॅडमच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं तपासण्या झाल्या. पहिली फील्ड टेस्ट. म्हणजे समोर बघत असताना आजूबाजूचं किती दिसतं ते मोजायचं. एका पांढऱ्या खोलगट यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं. आत कुठेही बारीक ठिपका चमकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला कोपऱ्यात बसू दिलं. आमच्या आधी एक म्हातारे होते, त्यांचं बटण सारखं वाजत होतं. पायल बसली. एकदा वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं. मी तिथल्या ताईंकडे बघितलं, तर त्या कॉम्प्युटरकडे बघत होत्या आणि ठिपके चालूच होते. मग पुन्हा एकदा वाजलं. मी मनात म्हणत होते, दाब ग बाई, दाब.

दुसरी ईआरजी. डोळ्याचा पडदा उजेडाला किती उत्तर देतो ते या तपासणीत रेघेवर उमटतं. आधी अर्धा तास अंधाऱ्या खोलीत बसवलं. पायलनं माझा हात घट्ट धरला होता. नंतर मॅडमनी दोन कागद दाखवले. दुसऱ्या कुणा मुलाच्या कागदावर रेघ डोंगरासारखी वर गेली होती. पायलची रेघ सपाट होती.

मॅडमनी आम्हाला समजावलं. माणसाच्या शरीराची प्रत्येक सूचना दोन दोन प्रतींत असते. एक आईकडून येते, एक बापाकडून. एखादी प्रत बिघडलेली असली तरी दुसऱ्या चांगल्या प्रतीवर काम चालतं आणि माणसाला कधी कळतही नाही. पण आई-बाप एकाच घरातले असले की दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असू शकते. दोन्ही बिघडलेल्याच मुलाच्या वाट्याला आल्या की रोग होतो. पुढचं मूल झालं तर त्यालाही चारात एक एवढी शक्यता.

मला हे सगळं नीट कळलं नाही. घरी आल्यावर यांनी सांगितलं. हे जॅकार्डच्या लूमवर काम करतात. साडीत फूल कुठं उठवायचं ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर ठरतं. हे म्हणाले, "एका जुन्या कार्डात एक भोक चुकलंय. त्याच्यावरनं दोन नकला मारल्या. एक तुझ्या बापाकडनं तुझ्यात आली, एक माझ्या आईकडनं माझ्यात. आता दुसरं कार्ड लावलं तरी चूक तीच."

"मग कार्ड बदलायचं," पायल म्हणाली. ती ऐकत होती हे आमच्या लक्षात नव्हतं.

"माणसाचं बदलत नाही, बेटा," हे म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "आपल्या घरात डोळ्याचं कुणालाच नव्हतं बाई. तुमच्या सुरतेच्या पाण्याचं असंल." दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "माझा एक चुलता होता ग. दिवेलागणीनंतर वसरीच्या खाली पाय टाकत नव्हता. आम्ही पोरं त्याला भित्रा म्हणून हसायचो." आणि फोनवरच रडायला लागली. मला तिच्यावर राग काढायचा होता. तो निघालाच नाही.

मग जो जे सांगेल ते आम्ही केलं. पलसाण्याजवळ एक माणूस झाडपाल्याचा रस डोळ्यांत घालायचा, तिथं नेलं. पायलचे डोळे चार दिवस सुजले. मॅडम मला रागावल्या. ज्यांच्या घरी हा रोग आहे त्यांना हात जोडून सांगते, डोळ्यांत काही घालू नका. आणि डॉक्टरनं विचारलेल्या प्रश्नाला शेजारी कुणीही बसलेलं असलं तरी खरं उत्तर द्या.

मी एकदा धीर करून मॅडमना विचारलं, त्या वर्षी मी खरं बोलले असते तर? त्या म्हणाल्या, "रोग लवकर कळला असता. डोळे वाचले नसते." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. वाचवता आलं असतं असं त्या म्हणाल्या असत्या तर निदान मला स्वतःला दोष देत बसता आलं असतं.

पायलचे प्रश्न मात्र चालू होते. तिनं मॅडमना विचारलं, "नखं कापली की परत येतात, केस परत येतात. मग डोळ्यातलं का येत नाही?" मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. नखं आणि केस रोज नवे तयार होतात, पण माणसाच्या पडद्याच्या पेशी एकदाच तयार होतात आणि त्याच जन्मभर पुरवायच्या असतात, असं त्यांनी सांगितलं. काही माशांचा पडदा मात्र परत येतो, असंही म्हणाल्या.

"मग मासाच व्हायला पाहिजे होतं," पायल म्हणाली. मॅडम हसल्या. हे पण हसले. मला हसू आलं नाही.

पडदा कसा दिसतो ते बघायचं, असा तिनं हट्ट धरला. मी तिला सकाळच्या उजेडात मटणाच्या दुकानात नेलं. दुकानदार चाचांना तिनंच सांगितलं, बकऱ्याचा डोळा पाहिजे.

चाचा मला म्हणाले, "आँख का सालन बनाओगी क्या, बहन?" सालन म्हणजे रस्सा. रांगेतली माणसं हसली. मला पळून जावंसं वाटलं.

"सालन नहीं, अंदर देखना है," पायल म्हणाली.

"अच्छा! डॉक्टर बनेगी?"

"पहले देख तो लूँ."

चाचांनी सुरीनं डोळा मधोमध कापला. पाणी आणि चिकट गोळा बाहेर आला. आत मागच्या बाजूला कांद्याच्या ओल्या पापुद्र्यासारखं काहीतरी होतं. चाचांनी सुरीचं टोक लावलं तर ते गोळा होऊन सरकलं. त्याच्या मागे निळं-हिरवं चमकत होतं. बऱ्याच जनावरांच्या डोळ्यात पडद्यामागे असा आरसा असतो, म्हणून त्यांना कमी उजेडात दिसतं. माणसाला तो नसतो. हे मॅडमनी नंतर सांगितलं.

पायल नाक जवळ नेऊन बघत राहिली. "एवढाच?" ती म्हणाली. "एवढ्याशाच पडद्यावर सगळं दिसतं?"

त्याला दोन वर्षं झाली. पायल आता बारा वर्षांची आहे. दर तपासणीला कागदावरचा काळा भाग वाढतो आणि मधला पांढरा गोल लहान होतो. शाळेत ती फळ्याच्या अगदी समोर बसते. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी घरात येते. मैत्रिणी खेळत असतात, तिला त्यांचा आवाज येतो.

मला एक सवय लागली होती. सकाळी तिची वेणी घालायला मी मागे बसले की एक हात तिच्या कानाजवळून हळूहळू पुढे न्यायची आणि विचारायची, "दिसतं का? बोटं किती?" हात किती पुढे गेल्यावर तिला दिसतो ते मी रोज बघायची. काही महिन्यांपूर्वी तिला जरा जास्त दिसायला लागलं. हात डोळ्याच्या रेषेत यायच्या आतच ती म्हणायची, दिसलं, दोन. मी रोज दोनच बोटं धरायची. चार दिवस मला भाकरी गोड लागली. यांनाही सांगितलं. त्या दिवशी हे येताना तिच्यासाठी जिलबी घेऊन आले.

पाचव्या दिवशी वेणी घालताना रिबन खाली पडली. मी ती उचलायला वाकले. माझे दोन्ही हात जमिनीवर होते. मी सवयीनं विचारलं, "दिसतं का?"

ती म्हणाली, "हो आई. दोन."

मी तशीच वाकून राहिले. मग उठून तिच्या समोर येऊन बसले. विचारलं, "कधीपासून असं सांगतेस?"

ती बोटांनी फ्रॉकची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "मी दिसत नाही म्हटलं की तू वेणी घट्ट ओढतेस. आणि मग दिवसभर बोलत नाहीस."

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या दवाखान्यात मी काय बोलले, आणि का, तेही. डोळे परत येणार नाहीत, आहे ते कमीच होत जाणार, हे मी पहिल्यांदा माझ्या तोंडानं बोलले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मॅडम बोलतात तेव्हा मी ऐकते ना. मग आता रोज विचारणार नाहीस?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं मोठा श्वास सोडला. दप्तराचं ओझं खाली ठेवल्यावर सोडते तसा. मग पाठ माझ्याकडे करून बसली. माझ्यासाठी खोटं बोलायचं तिनं सोडलं, आणि मला खरं बोलायला लावलं, यासाठी मी त्या पोरीची आभारी आहे. बाकी आभार मानावेत असं काही घडलेलं नाही. मी तिची दुसरी वेणी घातली, सैलसर.