गुडघा तुझा, दवाखाना तुझा

तो उरणचा ट्रकमालक विम्यात फसला, असे आमच्या कट्ट्यावर आजही सांगतात. सांगणाऱ्यांपैकी त्या दिवशी एजंटाच्या कचेरीत कोणीही नव्हते. मी होतो, अगदी त्याच्या शेजारच्या खुर्चीत. तेव्हा खरे काय ते माझ्याकडूनच ऐकावे.

बायकोच्या गुडघ्याचे ऑपरेशन पुढेमागे करावेच लागणार, म्हणून तो आरोग्यविमा घ्यायला आला होता. टायर पारखावा तसा प्रत्येक कागद तो अंगठ्याने दाबून पाहत होता. एजंटाने स्वस्त विमा पुढे केला. त्यात मात्र पनवेलच्याच रुग्णालयात जावे लागणार होते. उरणचे रुग्णालय हवे, तर हप्ता बराच जास्त. गृहस्थाने तिथूनच घरी फोन लावला.

"अगो, गुडघा तुझा, दवाखाना तू सांग."

"पनवेल नको," पलीकडून खणखणीत आवाज आला. "तिकडं भाकऱ्या घेऊन मला बघायला कोन येल? सगला गाव काय ट्रकात भरशील?"

तो खळखळून हसला, महागडा विमा घेतला आणि मला म्हणाला, "काका, तुमी पन या हां भेटायला."

अशा ऑपरेशनला विमा लागू होण्याआधीची प्रतीक्षेची मुदत संपली, ऑपरेशन झाले. त्याने आठवणीने कळवले आणि मी गेलो. खाटेभोवती गावातल्या बायकांची इतकी दाटी, की तो स्वतःच दाराबाहेर उभा होता. त्याने माझ्या हातावर तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील ठेवले. आतून त्याच्या बायकोचे हसणे ऐकू येत होते.

तो फसला म्हणणाऱ्यांनी ते हसणे ऐकून मग माझ्याशी वाद घालावा.