विलासरावांचं मुकं मांजर

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या विलासरावांना कमी ऐकू येतं, हे भोसरीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त विलासरावांना. आणि ते त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या मुलानं, बुद्धरत्ननं, एकदा जेवताना "पप्पा, एकदा कान तपासून घ्या" एवढंच म्हटलं, तर विलासराव तीन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

माणूस मूळचा लातूरकडचा. एकतीस वर्षं त्यांनी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये काढली. पॉवर प्रेसची डाय, म्हणजे पोलादी साचा, पत्र्यावर आपटते तो आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकलाय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या डोक्यात घण पडत होते. विलासराव तिथं रोज आठ तास, ओव्हरटाइम असला की बारा. कानात घालायला बोळे मिळायचे, ते यांच्या खिशात असायचे. बोळे घालून काम करतो तो नवशिका, असं त्यांचं मत. मशीनला काय दुखतंय ते जुन्या माणसाला पायातूनच कळतं म्हणे.

वर्षातून एकदा कंपनीच्या गेटवर कान तपासणारी गाडी यायची. काचेच्या खोपटात बसायचं, हेडफोन लावायचा, 'टीं' असं ऐकू आलं की हातातलं बटण दाबायचं. जो नापास होईल त्याची रवानगी पॅकिंगला. प्रेसवरच्या माणसाला पॅकिंगला बसवणं म्हणजे पैलवानाला लिंबं विकायला बसवणं. म्हणून जुन्या लोकांनी एक युक्ती काढली होती. काचेतून तपासणाऱ्याच्या खांद्याकडे बघायचं आणि आवाज सोडताना त्याचा खांदा हलला की बटण दाबायचं. विलासराव यातले उस्ताद. जेवणाच्या सुट्टीत नव्या पोरांना ते हे रीतसर शिकवायचे. "एकतीस वर्षं कान एक नंबर पास," असं ते मला सांगत आणि त्याच दमात खांद्याची गोष्टही सांगत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. निरोप समारंभात कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि कँटीनमागच्या खोक्यातलं मांजराचं एक पिल्लू त्यांनी स्वतःच पिशवीत घालून आणलं. नाव ठेवलं सुपरवायझर. "काम काडीचं न्हाई, दिवसभर फेऱ्या मारायच्या आन् नजर सगळ्यांच्या डब्यावर," असं त्यांचं स्पष्टीकरण.

मांजर कसलं, पक्की चोर. माझं मत या बाबतीत निःपक्षपाती नाही, कारण तिनं माझ्या ओट्यावरून तळलेल्या बांगड्याच्या दोन तुकड्या नेल्यात आणि त्या अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. पण हुशारी मान्य करायला हवी. घरातल्या माणसांची नस तिनं आठवड्याभरात ओळखली. विलासरावांच्या पत्नी सोजरबाई घरात असल्या की ती दारात पाय मुडपून देवमाणसासारखी बसायची. सोजरबाई भाजीला गेल्या की तिचा कारभार सुरू. एकदा मी त्यांच्याकडे चहा पीत बसलो होतो. स्वयंपाकघरात एक झाकण पडलं, मग डबा, मग चमच्यांचा अख्खा स्टँड. विलासराव शांतपणे पेपरातली बातमी मला वाचून दाखवत होते. सुकट तोंडात धरून सुपरवायझर आमच्या मधून, अजिबात घाई न करता, गॅलरीत निघून गेली.

आणि वर विलासरावांचं तिच्याबद्दलचं ठाम मत असं, की ती जन्मतः मुकी आहे.

म्हणजे झालं असं की दूध हवं असलं की ती सोजरबाईंच्या मागे बोंबलत फिरायची. विलासरावांकडे मात्र ती जायची, गुडघ्यावर पंजानं दोनदा टकटक करायची, वर बघून तोंड उघडायची. यांना आवाज येत नसे. मग हे कळवळायचे. "मुकं लेकरू आहे हो, धनेशराव. बोलता येत न्हाई बिचारीला." दूधवाल्यालासुद्धा त्यांनी हे सांगितलं होतं. भोसरीतल्या जनावरांच्या डॉक्टरकडे तिचा गळा दाखवायला नेली, तिथं ती टेबलावर इतकी किंचाळली म्हणे, की डॉक्टरांनी विलासरावांकडे एकदा बघितलं आणि टॉनिक लिहून दिलं. आम्ही सगळे हसायचो. घरी परत आल्यावर हसायचो, त्यांच्यासमोर नाही. आज त्याची थोडी लाज वाटते.

मे महिन्यात सोजरबाई एका सकाळी सांगवीला बहिणीकडे गेल्या. उकाडा फार होता, म्हणून विलासरावांनी जुना टेबलफॅन काढायला पेटीच्या दिवाणाची फळी उचलली. फॅन काढला, फळी टाकली, वर गादी पसरली. दुपारी दूध घेऊन ते सुपरवायझरला शोधायला लागले, तर ती कुठंच नाही.

पुढचं मला वॉचमननं सांगितलं. हा साठ वर्षांचा माणूस वाटी वाजवत तीनदा पार्किंगमधून फिरला. गाड्यांखाली वाकून बघितलं. रस्त्यापलीकडच्या वर्कशॉपमध्ये जाऊन विचारून आला. प्रत्येकाला एकच सांगत होता, "मुकी आहे, अडकली तर हाकसुद्धा मारता यायची न्हाई तिला." मग, हे विलासरावांनीच नंतर सांगितलं, घरी जाऊन दिवाणावर बसला. शोधायला जायचा, परत येऊन त्याच दिवाणावर बसायचा. मदतीला कुणी नाही; आमच्या जिन्यावरची बाकी घरं मे महिन्याच्या सुट्टीमुळे कुलूपबंद.

मी संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा सोजरबाई गेटपाशीच भेटल्या. आम्ही जिना चढायला लागलो आणि पहिल्या मजल्यावरच आवाज आला. घोगरा, घसा फाटलेला, थांबून थांबून येणारा. सोजरबाईंनी पिशवी तिथंच पायरीवर ठेवली आणि पळत वर गेल्या.

विलासराव दिवाणावर डोकं धरून बसले होते. आवाज बरोबर त्यांच्या खालून येत होता.

"उठा," सोजरबाई म्हणाल्या.

"आपली सुपरवायझर गेली गं," ते म्हणाले. डोळे लाल झाले होते.

"उठा आधी."

सोजरबाईंनी हात धरून त्यांना बाजूला केलं, मी गादी ओढली, फळी उचलली. आतल्या गोधड्यांवरून सुपरवायझर बाहेर आली. नाक सोललेलं, एका पंजाचं नख तुटून रक्त आलेलं. खोलीच्या मध्ये उभी राहून ती ओरडत होती. विलासरावांनी तिचं उघडं तोंड बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. आमचे चेहरे त्यांना वाचता येत होते.

"ती मुकी हाय ना?" त्यांनी विचारलं.

सोजरबाई त्यांच्या अगदी समोर गेल्या. "न्हाई वो," त्या सावकाश म्हणाल्या. "जिन्यापर्यंत ऐकू यायलंय. ती कदीच मुकी नव्हती."

मशीनचं दुखणं ज्या माणसाला पायातून कळायचं, त्याच्या बुडाखाली दुपारभर एक जीव ओरडत होता. कापसाच्या जाड गादीतून त्यांच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. ते खाली जमिनीवर बसले आणि मांजराचा पंजा हातात धरून बराच वेळ बघत राहिले. मला तिथं उभं राहवेना. मी पायरीवरची पिशवी आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. "चिंचवडला कान तपासतात म्हणं," ते म्हणाले. "गाडी काढता का?"

तिथंही काचेची तशीच खोली. विलासरावांनी हेडफोन लावला, बटण हातात घेतलं, आणि मी बाहेरून बघितलं तर त्यांची नजर सवयीनं तपासणाऱ्या बाईंच्या खांद्यावर गेली होती. एक-दोनदा बटण दाबलंही. मग ते थांबले. उठले, खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानंतर बराच वेळ त्यांचा अंगठा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते कानाच्या परीक्षेत नापास झाले.

कानाचं मशीन आलं. घरी येऊन ते पहिल्यांदा सुपरवायझरपुढे मांडी घालून बसले. तिनं गुडघ्यावर दोनदा टकटक केली, वर बघून तोंड उघडलं. आवाज नाही. यांनी मशीन काढलं, फुंकलं, परत लावलं. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा काही नाही.

"पहिल्याच दिवशी बिघडलं हे," ते वैतागून म्हणाले.

"मशीनला काय झालं न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "तीच तुमच्यापुढं आवाज काढत न्हाई. पयले दोन-तीन महिने लई ओरडून बगितलं तिनं. मग सोडून दिलं."

 विलासरावांना ते फार लागलं, हे मला दिसत होतं. त्या दिवसापासून त्यांचा एक उद्योग सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ मांजरासमोर बसायचं आणि म्हणायचं, "बोल माय, आता बोल." ती टकटक करायची आणि तोंड उघडून बंद करायची. बिल्डिंगमधल्या कुणाला यात हसू आलं नाही. मलाही नाही, आणि बांगड्याची आठवण ताजी असूनही मी हे म्हणतोय.

आठवडाभरानं मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. विलासराव पेपर वाचून दाखवत होते. सुपरवायझर त्यांच्या पाठीमागे येऊन बसली आणि अगदी बारीक, विचारल्यासारखी, एकदा ओरडली. विलासरावांचं वाचणं वाक्याच्या मध्येच थांबलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजमधलं दूध वाटीभर ओतून घेऊन आले.

"आवं, तिला आत्ताच दिलंय मी दूध," सोजरबाई आतून ओरडल्या. "देऊ नगा परत."

मशीन कानात होतं. हिरवा दिवा लागलेला मला दिसत होता. विलासरावांनी वाटी खाली ठेवली, मांजराच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला हळूच म्हणाले, "काय म्हणायली ती आतून? मला न्हाई आलं ऐकू."