राहीबाईंनी घेतलेलं नाव

सांगलीत माझ्या औषधाच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर अकरा दवाखाने आहेत. त्यांतला एक हरवून राहीबाई माने माझ्या काउंटरपुढे उभ्या होत्या. हातात फोडलेला नारळ, कपाळावर घाम.

माणच्या माळावर जन्मभर मेंढरं राखलेली बाई. अंधारातसुद्धा वाट न चुकणारी. बारा वाजता नवऱ्याचं ऑपरेशन, म्हणून मारुतीला नारळ फोडायला बाहेर पडली आणि परतीची खूण धरली ती वळणावरच्या उसाच्या ट्रॉलीची! ट्रॉली गेली कारखान्याला. फोन पुतण्याकडे आणि पुतण्या गेलेला रक्त आणायला. दवाखाना कसा दिसतो विचारलं, तर म्हणाल्या, "लय काचा हायत बगा." काचा कुठल्या दवाखान्याला नाहीत?

साडेअकरा वाजले होते. "मी दिसल्याबिगार आत जायाचं न्हाईत ते. लय हट्टी हायत," म्हणताना त्यांना रडू फुटलं.

मी फोन उचलला. "पेशंटचं नाव?"

"माने."

"माने डझनभर असतील, मावशी. पूर्ण नाव सांगा."

"साईराजचं वडील."

मी चिडलोच. "अहो, साईराजचे वडील कॉम्प्युटरात कसे सापडणार?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. चाळीस वर्षांत ते नाव त्यांनी उच्चारलं नव्हतं. धन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूनं बजावलेलं. "आन् नेमकं आजच घिऊ व्हय, दादा?"

घड्याळात पावणेबारा.

त्यांनी डोळे मिटले. "कोंडीबा," म्हणाल्या आणि लगेच स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली.

चौथ्या फोनला दवाखाना सापडला. स्कूटरवर बसवून नेलं. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारातच अडलेलं, म्हातारा चौकट घट्ट धरून पडलेला. बायको दिसताच त्यानं हात सोडला.

"कुटं हुतीस?"

"हितंच हुते की," त्या म्हणाल्या. घेतलेल्या नावाबद्दल चकार शब्द काढला नाही.

दार बंद झालं. मला दुकान उघडं टाकून आल्याची धास्ती होती, पण पाय निघेना. राहीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. मारुतीचा जप असेल असं वाटून मी जरा वाकलो.

"कोंडीबा," त्या म्हणत होत्या, "कोंडीबा, माघारी या."