आधी कडी

नवी कोरी जीप घेऊन कुणी टोगीच्या गॅरेजात आलं, की त्याच्या खिशात यादी असायचीच. अडतीस इंची चाकं, ती मावावीत म्हणून मडगार्ड कापून रुंद करायची, गाडी चार बोटं वर उचलायची, टपावर दिवे, मागे शिडी, वर तंबू. टोगी यादी शेवटपर्यंत वाचायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि म्हणायचा, "होईल सगळं. आधी कडी."

कडी म्हणजे ओढायची कडी. दोन पुढे, दोन मागे, चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आरपार बोल्ट घालून बसवायच्या. गाडी नदीत किंवा बर्फात रुतली की दोर अडकवायला. दिसायला त्या काहीच नसतात, त्यामुळे लोक हिरमुसायचे. गाडीचा अजून वासही गेलेला नाही आणि हा बाबा आधी तिला ओढून काढायची तयारी करतोय! "मी काय रुतायला चाललोय का?" असं एकाने फणकाऱ्याने विचारलं, तर टोगी म्हणाला, "छे छे, तू तर उडतच जाणार. पण कधी तरी खाली उतरशील ना?" हेला गावात आणि आसपासच्या वस्त्यांत त्याला सगळे कडी-टोगी म्हणायचे. थोरग्रीमुर हे त्याचं खरं नाव पासपोर्टात पडून होतं.

माणूस तसा कामाला चोख. त्याने कापलेल्या मडगार्डाची कड बोटाला लागायची नाही. बोलायच्या नावाने मात्र शंख. बायको कधीच राजधानीला, रेक्याविकला निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. जाताना म्हणाली, "तुझ्या मनात काहीतरी आहे, टोगी, आणि ते काढायला माझ्याकडे पाना नाही." तोही "बरं" म्हणाला आणि तिच्या बॅगा गाडीत ठेवून आला. काय म्हणावं अशा माणसाला!

एक गोष्ट मात्र त्याने तीस वर्षं चुकवली नाही. दर रविवारी दुपारी तीनला सोलरूनकडे जायचं. सोलरून म्हणजे त्याच्या जिवाभावाच्या मित्राची, केटिलची बायको. केटिल क्रोसाउ नदीत अपघातात गेला, तेव्हा त्यांची मुलगी आस्दीस चार वर्षांची होती. तेव्हापासून सोलरूनच्या गाडीचं तेल बदलायचं, थंडीची चाकं चढवायची, छपराची पन्हळ साफ करायची, सगळं टोगीकडे. ती कॉफी करायची, साखर भुरभुरून गुंडाळलेली पातळ धिरडी पुढे ठेवायची. हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. तो निघाला की ती दाराशी यायची, हात पुसत विचारायची, "आणखी काही?"

"नाही, बास," म्हणायचा तो, आणि जायचा.

सोलरून गावच्या सहकारी दुकानात गल्ल्यावर बसायची. दूध घ्या, खिळे घ्या, लोकर घ्या, पैसे घेताना ती प्रत्येकाला हेच विचारायची. टोगीला वाटायचं, बिचारीच्या जिभेला वळणच पडलं आहे. गावाला वाटायचं, हे दोघं लग्न का करत नाहीत. शेवटी गावही कंटाळलं आणि मार्चमध्ये सोलरून कॅन्सरने गेली. शेवटच्या रविवारी तिला उठवत नव्हतं. तो निघाला तशी पलंगावरूनच म्हणाली, "आणखी काही, टोगी?" त्याने तिची उशी सारखी केली आणि म्हणाला, "नाही. तू आराम कर."

जूनच्या पहिल्या आठवड्यात आस्दीस आली. सेल्फोसच्या इस्पितळात ती परिचारिका. बापासारखंच रुंद कपाळ आणि बापासारखीच घाई. खाली उतरली ती नव्या जीपमधून. शेवाळी रंग, दारांना अजून प्लॅस्टिक चिकटलेलं.

"यादी आण," टोगी हात पुढे करत म्हणाला.

"यादी नाही. चाकं बसव फक्त. शनिवारी नदीपलीकडे थोर्समर्कच्या दरीत चाललेय."

"आधी कडी."

"टोगी, मला क्रोसाउ ओलांडायची आहे. चाकं लागतील."

"म्हणूनच आधी कडी."

"दोन्हीला वेळ नाही म्हणालास ना फोनवर? मग चाकं कर. कड्या पुढच्या आठवड्यात." ती दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याकडे रोखून बघत होती. "आणि लागलाच दोर, तर मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा आहे की. देईन त्यालाच अडकवून."

टोगीच्या हातातला पाना खाली पडला. पडला म्हणजे त्याने तो टाकलाच.

"गोळ्याला दोर?" तो ओरडला. त्याचा आवाज चढलेला गावात कुणी ऐकला नव्हता. "अक्कल आहे का तुला? ट्रेलर हळूहळू ओढायला असतो तो! हिसका बसला की मानेत मोडतो, आणि ताणलेला दोर त्याला गोफणीसारखा फेकतो. समोरच्या काचेतून आत जातो, कळलं? तोंडावर!"

"कळलं," आस्दीस शांतपणे म्हणाली. "तुला इतकं नीट कसं माहीत?"

टोगीने खाली वाकून पाना उचलला. तो चिंधीने पुसला, परत पुसला. "धंदाच आहे माझा. आणि तुझ्या वडिलांचं... तुला ठाऊकच आहे. दोर तुटला."

"ठाऊक आहे ना. लहानपणापासून ऐकतेय. बाबांचा दोर जुना होता, तो तुटला, टोकाचा लोखंडी आकडा काचेतून आत गेला. दोर नदीने नेला. बाबा दोराच्या बाबतीत हलगर्जी, असं आजोबासुद्धा म्हणायचे. मला एकच सांग, टोगी. दोर तुटला असेल, तर गिऱ्हाइकाला तू म्हणायला हवंस, आधी नवा दोर घे. तू तीस वर्षं कडी कडी का करतोस?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. गावाने थट्टा केली, टोपणनाव ठेवलं, पण दोन आणि दोन चार कुणी केले नाहीत.

आस्दीसने जॅकेटच्या खिशातून एक वस्तू काढली आणि कामाच्या टेबलावर ठेवली. लोखंडी गोळा. अंड्याहून थोडा मोठा, खाली मोडलेल्या मानेचं खरखरीत टोक. तो घरंगळायला लागला तसा तिने बोटाने थांबवला.

"आई गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यात मिळाला. बाबांची जीप पोलिसांनी परत दिली तेव्हा आईने ती विकायच्या आधी धुतली होती. सीटखाली होता हा, तिने चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. बाबांच्या जीपचा गोळा जागेवर होता, टोगी. मग हा कुणाचा?"

टोगी स्टुलावर बसला. मग जे बाहेर आलं ते एकदम आलं.

गोळा त्याचाच होता. त्या वर्षी त्याने आयुष्यातली पहिली नवी जीप घेतली होती. लाल. काय मिरवायचा! आल्या आल्या चाकं चढवली, मडगार्ड रुंद केले, टपावर सहा दिवे लावले. ओढायच्या कड्या आणून ठेवल्या होत्या, पण खोका फळीवर तसाच. त्या कुठे कुणाला दिसणार होत्या? रविवारी केटिल म्हणाला, चल, नदीवर तुझी राणी पाण्यात घालून बघू. केटिलची जीप जुनी रशियन. टोगी आधी पार झाला. मागून केटिलची गाडी ऐन धारेत बंद पडली आणि पाणी दारापर्यंत चढायला लागलं. केटिलने कमरेएवढ्या पाण्यात उतरून दोर आपल्या पुढच्या कडीला लावला, दुसरं टोक टोगीकडे फेकलं. टोगीने ते गोळ्यात अडकवलं.

"तो ओरडला मला," टोगी म्हणाला. "गोळ्याला नको रे, चासीला बांध, म्हणाला. चासीला बांधायचं तर मला चिखलात आडवं व्हायला लागलं असतं. नवा स्वेटर होता अंगात. मी म्हटलं, काही होत नाही, बस आत. तो बसला. हसत बसला. दोर ढिला ठेवून मी जोरात हिसका दिला."

आस्दीसने गोळ्याचं मोडकं टोक अंगठ्याने चाचपलं.

"आवाज झाला. मला वाटलं, सुटली गाडी. मागे बघितलं तर..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "जागच्या जागी गेला तो. त्याला काही कळलं नसेल. दोर अख्खा होता, आस्दीस. चांगला होता केटिलचा दोर. मदत यायला तास-दीड तास होता. त्या वेळात मी पाना काढला, माझ्या गाडीला राहिलेला गोळ्याचा बुंधा खोलला आणि नदीत टाकला. दोर पण टाकला. तो तिथे तसा बसलेला आणि मी बोल्ट खोलत होतो. गोळा सापडला नाही, वाटलं पाण्यात गेला. पोलीस आले. मी म्हटलं, त्याचा दोर तुटला."

बाहेर रस्त्यावरून मेंढ्यांचा ट्रक गेला.

"संपलं?" आस्दीसने विचारलं.

"संपलं."

"हे मला सांगून काय उपयोग रे, टोगी? मी चार वर्षांची होते. मला त्यांचा चेहरासुद्धा फोटोतलाच आठवतो. हे तिचं होतं. तिला सांगायचं होतंस."

"हिंमत झाली नाही. तिने कधी विचारलं असतं तर..."

"विचारलं नाही?" आता पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "दर रविवारी विचारायची! दाराशी उभी राहून. मी लहान होते तेव्हा तिच्यामागे उभी राहून ऐकायचे. तू गेलास की ती फाटकाकडे बघत राहायची आणि म्हणायची, आजही नाही."

टोगी तिच्याकडे बघतच राहिला. "ते... ते दुकानातलं होतं. सवयीचं."

"दुकानात ती गल्ल्याकडे बघून विचारायची. माणसाकडे बघून कधीच नाही. आठव."

त्याने आठवलं. दुकानात तिची मान खाली असायची, बोटं नाण्यांत. दाराशी मात्र ती हात पुसायची थांबून सरळ त्याच्या डोळ्यांत बघायची, आणि त्याला ते बघणं आवडायचं. अरे देवा. त्याला ते आवडायचं! त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं आणि तो हमसून रडायला लागला. म्हातारा माणूस, खांदे गदागदा हलताहेत. आस्दीस जवळ गेली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पोलिसांकडे जाऊ शकली असती ती. नाही गेली. मला शेवटच्या आठवड्यात म्हणाली, नवी जीप घेशील तेव्हा टोगीकडेच ने. आधी चाकं माग आणि तो काय म्हणतो बघ. मला तेव्हा काही कळलं नाही. डबा उघडल्यावर कळलं."

"मग आता?"

"आता काय? कड्या बसव. चाकंही बसव. तुझ्याइतकं नीट कुणी बसवत नाही, हे मला इस्पितळात तुला शिव्या घालणारेसुद्धा सांगतात." ती किल्ली टेबलावर ठेवून दारापर्यंत गेली आणि वळली. "बाबांचा दोर चांगला होता, हे आजोबांच्या थडग्यावर जाऊन सांग. आणि रविवारी येऊ नकोस. घर मी ठेवणार आहे, पण तू येऊ नकोस."

ती चालत गेली. गोळा टेबलावरच राहिला.

टोगीने तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. चारही कड्या बसवल्या, प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला, चाकं चढवली, मडगार्डाच्या कडा बोटाने तपासल्या. शुक्रवारी आस्दीस आली, पैसे दिले, गाडीखाली वाकून कड्या बघितल्या आणि गेली. दोघांत नमस्कारापलीकडे बोलणं झालं नाही. मग त्याने गॅरेजला कुलूप लावलं. घरात दूध नव्हतं म्हणून दुकानात गेला.

सोलरूनच्या जागी आता एक पोलंडची मुलगी बसते. भाषा नवीनच शिकली आहे, चार वाक्यं तिला पक्की येतात. तिने दुधाचा खोका यंत्रावरून सरकवला आणि खालमानेने विचारलं, "आणखी काही?"

टोगी तसाच उभा राहिला. त्याच्या मागे तिघं-चौघं रांगेत होते. कुणी तरी खाकरलं. त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून मुलीने मान वर केली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा तेच विचारलं.

"होतं," टोगी म्हणाला, आणि दूध तिथेच ठेवून बाहेर पडला.