आप्पा वाचायचे तेव्हाचे सिनेमे

सिनेमाचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. घरात रिकामे डबे साठतात तसे. टाकवत नाहीत, आणि कुणी आलं की आपणच काढून दाखवतो. सिनेमा मुका होता तेव्हा मी निपाणीत अण्णांच्या तंबूत पेटी वाजवायचो. पडद्याच्या पायथ्याशी माझी बैठक. पौराणिक, स्टंट, सामाजिक, सगळ्या जातीचे सिनेमे मी मान वर करून पाहिले. आजही कुठलाही नट मला आधी हनुवटीकडून आठवतो.

माझ्या शेजारी आप्पा उभे असायचे. चित्रांच्या मध्ये पाट्या यायच्या आणि त्या वाचता येणारी माणसं थोडी. म्हणून आप्पा त्या मोठ्यानं वाचायचे, आधी मराठीत, मग कानडीत. दिवसा ते तंबाखूच्या वखारीत पानं निवडायचे. तिथं मुकादम त्यांना बोलू देत नसे आणि घरात बायको. तंबूत मात्र दोनशे माणसं गप्प बसून त्यांचं ऐकायची. अण्णांनी काही दिलं नसतं तरी आप्पांनी ते काम केलं असतं.

०

पौराणिक सिनेमाला बायका आरतीची ताटं घेऊन यायच्या. चपला तंबूबाहेर. एकदा देव प्रकट झाले आणि बायका उठून म्हणाल्या, "देवाला जरा थांबवा, ओवाळून घेतो."

ऑपरेटर घाबरला. रीळ एका जागी थांबवलं तर दिव्याच्या धगीनं पेट घेतं. अण्णांना आगीचीही भीती आणि पापाचीही. शेवटी आप्पांनी तोड काढली. रीळ मागं गुंडाळून पुन्हा लावायचं. त्या दिवशी देव तीन वेळा प्रकट झाले.

बाहेर चपला शोधताना एक म्हातारी म्हणाली, "तीनदा येरझाऱ्या घालण्यापरास एकदाच थांबला असता तर देवाचं काय बिघडलं असतं?"

०

पडदा तंबूच्या मधोमध असायचा. खेळाआधी त्याच्यावर पाणी मारायचं, म्हणजे चित्र पलीकडूनही दिसायचं. पलीकडचं तिकीट स्वस्त, कारण तिथून सगळं उलटं. डावं ते उजवं.

बोरगावचे दोन व्याही एकाच खेळाला आले. एक पुढं बसला, एक पलीकडं. बाजारात गाठ पडल्यावर एक म्हणाला, "डावखुरा असून काय तलवार चालवतोय गडी!" दुसरा म्हणाला, "डावखुरा कुठला? उजव्या हातात हुती." शब्दानं शब्द वाढला, लेकीचं माहेरी जाणं अडलं.

प्रकरण आप्पांकडे आलं. आप्पा म्हणाले, "जागा बदलून बसा आन पुन्यांदा बघा."

दोघांनी इमानदारीनं जागा बदलल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात पुन्हा भांडण. फक्त बाजू बदलल्या होत्या.

०

मला स्वतःला स्टंट सिनेमा आवडायचा. डोक्याला त्रास नाही. पण मान दुखायला लागली की मी वर बघणं सोडायचो आणि आप्पांच्या आवाजावर पेटी वाजवायचो. ते गहिवरले की रडकी चाल, गरजले की लढाईची.

एकदा हिरोचा बाप मेला आणि मी रडकी चाल धरली. आप्पांचा घसा कोरडा पडला म्हणून ते पाणी प्यायला गेले. वर घोडे दौडायला लागले, हिरोनं सात जणांना लोळवलं, नायिकेला सोडवलं, आणि खाली माझं मरण चालूच. बायकांनी डोळ्याला पदर लावले.

शेजारचा एक शेतकरी सुस्कारा टाकून म्हणाला, "जिकला खरा. पर लई दिवसांचा सोबती न्हाय."

०

सामाजिक सिनेमा मला कधी पचला नाही. घरात फुकट बघायला मिळतं त्याला तिकीट कशाला? पण एक सासुरवासाचा सिनेमा आठवतो. पाटीवर सासू सुनेला घराबाहेर काढते असं होतं. आप्पांनी मराठीत तसंच वाचलं. मग कानडीत सांगताना त्यांची सासू सुनेला पोटाशी धरून माफी मागायला लागली!

मला दोन्ही भाषा कळायच्या. खेळ सुटल्यावर मी विचारलं, "आप्पा, कानडीत सासू कशी काय सुधारली?"

आप्पा हळूच म्हणाले, "मास्तर, कानडी बायकांत माझी सासू बसलीती."

०

मग बोलपट आले. अण्णांनी नवं मशीन आणलं, कर्णे टांगले. मला म्हणाले, "मास्तर, तुमची पेटी आता भजनाला." माझं भागलं, भजनं होती, लग्नं होती. पण आप्पांचं काय? वाचायला पाटीच उरली नव्हती. अण्णा त्यांना म्हणाले, "पयल्या खेळाला पाव्हणं म्हणून या."

आदल्या दिवशी आप्पा माझ्याकडं आले. "सगळं त्यो पडदाच बोलणार म्हणं. मग आता माझं कोण ऐकणार, मास्तर?" मला फार वाईट वाटलं.

बोलपट हिंदीतला, त्यातही भारी दरबारी हिंदीतला. आम्ही दोघं शेजारी बसलो. तोंड हललं की आवाज येतोय, याच आनंदात लोकांची पहिली दहा मिनिटं गेली. मग चुळबुळ सुरू झाली. आप्पांच्या पलीकडं संकेश्वरची एक म्हातारी होती. तिनं कानडीत विचारलं, काय म्हणतोय हा? आप्पांनी कानात सांगितलं. पुढच्या ओळीनं मागं वळून विचारलं, त्यांना जरा मोठ्यानं सांगितलं. मग मागच्यांनी विचारलं. आप्पांना हिंदी कितपत येत होतं ते देवाला ठाऊक, पण बघता बघता ते उभे राहिले आणि अर्धा तंबू पडद्याकडं पाठ करून त्यांच्याकडं बघायला लागला.

अण्णा धावत आले. "आप्पा, बसा की खाली. बोलपट हाय ह्यो. त्यो सवताच बोलाय लागलाय."

आप्पा खाली बसले. मान खाली घातली ती वर करेनात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार?

तेवढ्यात ती म्हातारी उठली. तिचं मराठी मोडकंतोडकं, पण आवाज खणखणीत.

"अण्णा, त्या पडद्यावरच्याला जरा गप बसवा. आमचे आप्पा बोलाय लागल्यात."

"व्हय, गप बसवा त्याला," मागून दहा-वीस जण म्हणाले.

अण्णांनी कर्णे बंद केले. त्या बोलपटाचा उरलेला भाग निपाणीनं मुकाच बघितला.