मानलेली लेक

आमच्या बंगल्याच्या तिसऱ्या मजल्यावर फॉरेनर राहायला येणार, ही बातमी शेठनी आधी सगळ्या कशेळी गावाला सांगितली आणि मग मला. शेठ म्हणजे माझा नवरा, केसरीनाथ. माझ्या सासऱ्यांना गाव जन्मभर नुसत्या नावाने हाक मारत आलं. त्यांच्या माघारी खाडीकाठच्या शेतावर गोडाऊनं उभी राहिली, भाडं सुरू झालं आणि मुलगा शेठ झाला. मीही त्यांना शेठच म्हणते. त्यांना वाटतं, मी मान देते.

फॉरेनर म्हटल्यावर गावाने उंच, गोरी, निळ्या डोळ्यांची बाई डोळ्यांसमोर आणली होती. फोटो कोणी आधी काढायचा यावरून दोन घरांत कुरबूरही झाली होती. गाडीतून उतरली ती माई. व्हिएतनामची, तिशीची, आमच्या लेकीच्या, उन्नतीच्या, खांद्याला लागेल एवढी, आणि रंगाने आमच्यातलीच. मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये नवी मशिनरी बसली होती आणि ती कामगारांना शिकवायला कंपनीने हिला पाठवलं होतं. शेजारची रंगूबाई बराच वेळ निरखत राहिली आणि म्हणाली, "ही कंची फॉरेनर? आमचे वॉचमनची बहीन दिसते." शेठचा चेहरा पडला. पण भाडं फॉरेनरचं ठरलेलं होतं, त्यामुळे त्यांनी तिला फॉरेनरच धरून चालायचं ठरवलं.

माई हे तिचं खरंखुरं नाव. सत्तरीचे म्हातारे तिला "बसा माई" म्हणायचे आणि ती बसायची. मराठी ती कामगारांकडून शिकली, उरलंसुरलं आमच्या सासूबाईंकडून, त्यामुळे तिच्या तोंडी "हाय", "न्हाय" आणि "शिफ्ट खतम" एका वाक्यात यायचं.

ती आली नवरात्राच्या तोंडावर. येण्याआधी तिने आमच्या सणांविषयी काहीतरी वाचलं असावं, कारण तिची समजूत अशी होती की लोक दिवे लावतात, डोळे मिटतात आणि शांत बसतात. घटस्थापनेच्या संध्याकाळी खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या तशी ती धावत खाली आली आणि भूकंप झाला का म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, देवी बसली. दुसऱ्या दिवसापासून ती गोडाऊनमधले कानात घालायचे बोळे घालून गरब्याला येऊ लागली. ते पाहून गावाने ठरवलं की बिचारी बहिरी आहे, आणि सगळे तिच्याशी ओरडून बोलू लागले.

पण खरी पंचाईत तिच्या प्रश्नांनी केली. दिवाळीच्या पहाटे टाचेखाली कारीट फोडलं, तिने विचारलं, "हे कशासाठी?" होळीत नारळ टाकला, तिने विचारलं, "हे कशासाठी?" इतकी वर्षं आम्ही हे सगळं बिनबोभाट करत होतो, कशासाठी, हे विचारायची गरज कुणालाच पडली नव्हती. शेठचं उत्तर ठरलेलं, "पूर्वीपासून हाय." दहीहंडीला थर कोसळून एकाचा हात मोडला, तेव्हा तिने विचारलं की खाली जाळी का बांधत नाहीत. शेठ म्हणाले, "पूर्वीपासून न्हाय."

खरी उत्तरं मिळायची ती सासूबाईंकडे. त्यांना विचारणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. माई ड्युटीवरून आली की त्यांच्यासमोर पाट घेऊन बसायची, सुकट निवडायची आणि विचारत राहायची. सासूबाई सांगता सांगता मध्येच म्हणायच्या, "ह्ये चंद्राला बरोबर येते." आणि विषय बदलायच्या.

चंद्राताई माझी नणंद, कामतघरला दिलेली. तीसएक वर्षं आमच्या घरची गौर त्यांनीच आणली. माई यायच्या आधीच्या भाद्रपदात गौरींचं विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी शेठनी बहिणीपुढे कागद ठेवला. हक्कसोड. वडिलांच्या जमिनीत माझा काही हक्क नाही, असं लिहून द्यायचं. आमच्याकडे ही साधी गोष्ट आहे, हळदीकुंकवासारखी. बहीण सही करते, भाऊ साडी देतो, आणि बहिणीला जन्मभर माहेर राहतं. मीही केली आहे. मानकोलीच्या माझ्या भावांकडून दर गौरीला मला न चुकता साडी येते, दुकानदार सगळ्यात शेवटी दाखवतो तसली. चंद्राताईंनी मात्र कागद वाचला. बायकांनी कागद वाचायचा नसतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याचे यंत्रमाग भंगारात गेलेले, नवरा-बायको दोघंही घरी बसून, त्या म्हणाल्या, "सही न्हाय करत, दादा. माजा हिस्सा मना दे." प्रकरण कोर्टात गेलं आणि शेठनी जाहीर केलं की या घराला बहीण नाही.

तर यंदा प्रश्न पडला, गौर आणणार कोण? आमच्याकडे खाडीकाठावरून तेरड्याची गौर सुपात घालून घरची लेक आणते. पूर्वी तेरडा आमच्याच बांधावर उगवायचा. आता बांधावर गोडाऊन आहे, म्हणून डोंगरातल्या पाड्यावरून येणारी देवकी तो विकत आणून देते. तेरड्याची सोय झाली, लेकीचं काय? उन्नती म्हणाली, मी धरलं तर शूट कोण करणार? मग शेठच्याच डोक्यात आलं, माई. फॉरेनरच्या हातून गौर. नगरसेवक येतील, पेपरवाला येईल. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, भाव महत्त्वाचा. भटजींचा भाव शेठना माहीत होताच.

सासूबाई म्हणाल्या, "ती लेक हाय का या घरची?"

"मानलेली लेक हाय, आये."

"चंद्राला बोलीव."

"चंद्रा कोर्टात भेटंल. मानलेली लेक बरी, सात-बाऱ्यावर नाव मागत न्हाय."

सासूबाई उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. मला म्हणाल्या, "मना पोरगी पायजे, निशा. गौर न्हाय आली तरी चालंल." उभा जन्म उपासतापासात गेलेली बाई हे बोलत होती. शेठ बाहेर पाहुण्यांची नावं ठरवत होते.

माईला हा मान सांगितला तेव्हा ती खूश झाली आणि लगेच विचारलं, "आधी हे काम कोण करायचं?"

"चंद्राताई," मी म्हटलं.

"मग ती मला हँडओव्हर कधी देणार?"

शेठ पोट धरून हसले. त्यांना वाटलं, विनोद केला. माईच्या गोडाऊनमध्ये आधीच्या माणसाकडून काम समजून घेतल्याशिवाय कुणी मशिनला हात लावत नाही, आणि पहिल्या दिवशी जुना माणूस नव्याच्या शेजारी उभा राहतो. ती विनोद करत नव्हती. तिने माझ्याकडे कामतघरचा पत्ता मागितला. मी दिला. रिक्षा कुठून मिळेल तेही सांगितलं. शेठना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही.

रविवारी माई कामतघरला जाऊन आली. काय शिकलीस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "सगळं. आणि तिथे एक बाई रडली." मग म्हणाली, "आमच्या नवीन वर्षाला मला सुट्टी नाही मिळाली. माझी आई पण फोनवर अशीच रडली."

गौरीच्या दिवशी मी माईला हिरवी साडी नेसवली. बँजो पार्टी पुढे, बायका मागे, उन्नती मोबाइल उंच धरून. खाडीवर पोचलो तर काठाशी चंद्राताई उभ्या. साधीच साडी, हातात काही नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माईने मात्र त्यांना हात केला, कामावर वेळेत आलेल्या माणसाला करतात तसा, आणि दोघींनी मिळून सुपात गौर ठेवली. उन्नती मला हळूच म्हणाली, "मम्मी, लाइव्ह चालू आहे. बंद करू?" मी म्हटलं, कशाला?

दारात शेठ कुर्त्यात उभे होते, एका बाजूला नगरसेवक, दुसऱ्या बाजूला पेपरवाला. बहीण दिसली तसं त्यांचं हसू तोंडावरच थिजलं. माईजवळ येऊन त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "हिला कुनी बोलावली?"

"मी," माई म्हणाली. "पहिला दिवस हाय. जुना माणूस सोबत लागतो. नियम हाय."

"कंचा नियम?"

"सेफ्टीचा."

गौर दारात असताना भांडता येत नाही. नगरसेवक असताना तर मुळीच नाही. सासूबाई तांब्या घेऊन पुढे आल्या. त्यांनी माईच्या पायांवर पाणी घातलं, मग चंद्राताईंच्या पायांवर घातलं, आणि तांब्या रिकामा झाला तरी ओणव्याच राहिल्या. मग रीतीप्रमाणे विचारलं, "गौर आली कशाचे पावलांनी?" चंद्राताई आईला धरून उठवत होत्या. माईने दोघींच्या वतीने सांगितलं, "सोन्याचे पावलांनी."

मग गौरीला घर दाखवायचं. घरधनी पुढे, गौर मागे. आणणारी प्रत्येक दाराशी विचारते, इथं काय हाय, आणि घरधनी पिढ्यान् पिढ्यांचं ठरलेलं उत्तर देतो. शेठनी स्वयंपाकघरात सांगितलं, अन्न हाय. जिथे कणग्या असायच्या तिथे आता ट्रेडमिल आहे, तिथे सांगितलं, भात हाय. गोठ्याच्या जागी काळी गाडी उभी असते. शेठनी तिच्या बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, "गुरंढोरं हायत." माईने गाडीला वाकून नमस्कार केला. प्रश्न विचारणं तिने त्या दिवसापुरतं बंद ठेवलं होतं.

शेवटी तिजोरीची खोली.

"इथं काय हाय?" माईने विचारलं.

"धन हाय."

"कुनाचं?"

याचंही उत्तर ठरलेलं आहे. माझे सासरे द्यायचे, त्यांचे वडील द्यायचे, आणि गेल्या गौरीपर्यंत शेठही देत होते, काय बोलतो आहोत याकडे लक्ष न देता. ते दिल्याशिवाय गौर बसत नाही. यंदा शेठनी तोंड उघडलं आणि मिटलं. सूप धरलेल्या माईच्या शेजारी चंद्राताई खाली बघत उभ्या होत्या. मागे जिन्यापर्यंत बायका दाटलेल्या. नगरसेवक खाकरले.

माईला वाटलं, शेठ विसरले. नवीन कामगार अडकला की ती रागावत नाही, असं तिच्याकडची माणसं सांगतात. अगदी हळुवारपणे ती म्हणाली, "लेकीबालींचं. म्हणा, लेकीबालींचं."

"लेकीबालींचं," शेठ पुटपुटले.

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू नाही आलं."

"लेकीबालींचं," शेठ मोठ्याने म्हणाले. पेपरवाल्याने फोटो काढला. गौर बसली.

दुसऱ्या दिवशी गौरीच्या तिखटाच्या नैवेद्याची पंगत होती. चंद्राताई रात्री आमच्याकडेच राहिल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना जाऊच दिलं नाही. खेकड्यांचं, म्हणजे आमच्या चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, केळीची पानं. शेठ एकदम गोड बोलत होते. दोन घास गेल्यावर बहिणीला म्हणाले, "आलीस, बरं झालं. पन कालचं मनाला लावून घेऊ नको. रीत म्हणून बोललो. जमिनीचं काय ते कोर्टात बघू."

चंद्राताईंनी मान हलवली. सासूबाई पंगतीत पाणी वाढत होत्या. मुलापाशी येऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"सात-बाऱ्यावर माजं बी नाव हाय ना, केसरीनाथ?"

"हाय ना, आये. का?"

"माजा हिस्सा चंद्राला. कागद कर, मी अंगठा देते."

शेठचा हात पानावर तसाच राहिला. "आये, असं कसं?"

"तूच बोललास काल. सगल्या गावान् आयकलं." आणि तांब्या उचलून त्या पुढच्या पानाकडे गेल्या.

शेठ अर्ध्या जेवणातून उठले. त्यांच्या वाटणीची मोठी चिंबोरी कालवणात तशीच होती. मी ती उचलली आणि चंद्राताईंच्या पानात वाढली.