सुशीलाबाईंनी घेतलेलं नाव

करडी गावच्या चौकात मोबाइल दुरुस्त करणारा चंद्रकुमार घरी आला की डीजे सीके व्हायचा. त्याचा स्टुडिओ म्हणजे घरामागची धानाची खोली. तीन भिंतींना छतापर्यंत पोती, मधे एक जुना कॉम्प्युटर, दोन काळे स्पीकर आणि एक छोटा कीबोर्ड. पोत्यांमुळे आवाज घुमत नसे आणि रेकॉर्डिंग स्वच्छ व्हायचं. धान विकून खोली रिकामी झाली की स्टुडिओही बंद. साहेबांचं संगीत असं धानाच्या भरवशावर चालायचं.

ढोलकी, सनई, झांजा, सगळं त्याच्या कॉम्प्युटरातच होतं. खरं वाद्य त्यानं जन्मात हातात धरलं नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. माणसाचा आवाज मात्र खरा लागायचा. तो माइकवर घ्यायचा, हवा तेवढा तुकडा कापायचा आणि सॅम्पलरमध्ये टाकायचा. मग कीबोर्डची पट्टी दाबली की तो तुकडा वाजणार, बारीक, जाड, भरभर, अडखळत, जसा पाहिजे तसा. दर गाण्यात थोड्या थोड्या वेळानं त्याचा स्वतःचा भारदस्त आवाज यायचा, "सीके, करडीवाला!" गाणं कोणी ढापू नये म्हणून.

भिंतीला भिंत लागून त्याच्या मोठ्या काकांचं, लक्ष्मणरावांचं घर. त्यांची बायको सुशीलाबाई म्हणजे चंद्रकुमारची मोठी आई. लहानपणी त्याची आई धानाच्या रोवण्याला, लावणीला गेली की चंदू या मोठ्या आईच्याच चुलीपाशी जेवायचा. आता तो चांगला बापई माणूस झाला होता, तरी संध्याकाळी भिंतीवरून हाक ठरलेली, "चंदू, भाजी ने गा!"

या सुशीलाबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी शेजारणीला कोपर मारायच्या, तू सांग म्हणून. घरात हाक मारायची तर "अजी, आयकलं का". नाव घेतलं की धन्याचं आयुष्य उणं होतं, असं त्यांच्या आईनं सांगितलेलं, आणि त्यांनी ते घट्ट धरून ठेवलेलं. सुटका फक्त उखाण्यात. तोही बायकाबायकांत.

चंद्रकुमारच्या बहिणीची, हर्षाची हळद होती. बायका अंगणात गाणी म्हणत होत्या आणि हा कोपऱ्यात माइक लावून, कानाला हेडफोन चढवून बसला होता. टाळ्यांचा आवाज पाहिजे होता त्याला. तेवढ्यात कोणीतरी सुशीलाबाईंना धरलं. "तुमीन कधीच नाव नाई घेतलं. आज घ्या बरं!" त्या नाही नाही म्हणत लाजल्या, पदर तोंडाला लावला, आणि मग एकाएकी उभ्या राहून त्यांनी उखाणा घेतला. स्वतः जुळवलेला. मग असा हसू-टाळ्यांचा कल्लोळ उडाला, की हेडफोनमध्ये चंद्रकुमारचे कान दुखले.

त्या टाळ्या त्याच्या कामाच्या नव्हत्या. पण "लक्ष्मणराव" हा शब्द काय आला होता! मोठी आई तो एवढी वर्षं साठवून बोलली होती, "रा"वर थोडी थांबली होती. चंद्रकुमारनं तेवढाच शब्द कापला, दोन पट्ट्या वर चढवला आणि खाली धमाधम ढोल टाकला. लक्ष्मण-लक्ष्मण-लक्ष्मणराव! लक्ष्मण-लक्ष्मण-लक्ष्मणराव! गाणं असं जमलं की तो खुर्चीतच नाचला.

गणपती विसर्जनाला ते वाजलं. मिरवणूक गावच्या तळ्याकडे, बोडीकडे निघाली आणि रिवाजाप्रमाणे लक्ष्मणरावांच्या दारात थांबली. सुशीलाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. डीजेच्या गाडीवर चंद्रकुमार हात वर करून नाचत होता. पोट्टे बेभान होऊन ओरडत होते, "लक्ष्मणराव!" आधी सुशीलाबाईंना काही कळलं नाही, त्या कौतुकानं हसल्याही. मग शेजारणीनं त्यांच्याकडे पाहून तोंडावर हात ठेवला. तेव्हा त्यांनी आपला आवाज ओळखला. स्वतःच्याच आवाजात, पण पोरीसारख्या चिरक्या, त्या सगळ्या गावासमोर नवऱ्याला नावानं हाका मारत होत्या. थांबतच नव्हत्या. आणि मधेच स्पीकर गरजला, "सीके, करडीवाला!"

त्यांनी ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि आत गेल्या. गणपतीला ओवाळायचं राहून गेलं.

चंद्रकुमारचा वर केलेला हात तसाच राहिला. गाणं बंद करा म्हणून तो मशीनवरच्या पोरांना ओरडला, पण त्याच्याच गाण्यात त्याचं कोण ऐकतो? कशाची लाज वाटते आहे हे कळायच्या आधीच त्याचे कान तापले होते.

त्या दिवसापासून भिंतीवरून हाक आली नाही. गाणं मात्र पेन ड्राइव्हमधून पेन ड्राइव्हमध्ये पसरलं. लाखनीच्या वरातीत वाजलं, पवनीच्या वरातीत वाजलं. लक्ष्मणराव चौकात आले की पोरं आडून सुरू करायची. कॉम्प्युटरमधून त्यानं गाणं पुसलं. पण गावोगाव पोचलेलं गाणं तो कसा पुसणार होता? आपलंच नाव त्यावर ठोकून दिलेलं, दुसऱ्या कोणाला शिव्या द्यायचीही सोय उरली नव्हती.

शेवटी तो मोठ्या आईकडे गेला. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

"मोठेआई, चुकलो मी."

"मी बायाईत नाव घेतलं होतं, चंदू. तू चौकात नेलं." सुपातला खडा त्यांनी बाजूला टाकला. "त्याईले खोकला सुरू हाय आता. कितीक वेळा नाव घ्याले लावलं तू मले, सांग बरं? त्याईले काई झालं तं?"

असं काही नसतं, हे तो दुसऱ्या कोणालाही ठणकावून सांगू शकला असता. मोठ्या आईला नाही. तो खाली मान घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मणराव स्वतः धानाच्या खोलीत आले. पहिल्यांदाच. चंद्रकुमार उठून उभा राहिला. थोबाडीत बसली तर बसू दे, उलट बरंच वाटेल, असं त्याच्या मनात आलं. पण म्हातारबा एका पोत्यावर टेकले, खोकले, दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"तिनं हळदीत उखाणा घेतला म्हनते. मी तं भायेर मांडवात होतो, पाहुण्यापाशी. बाया सांगतेत लई सुंदर होता. तिले इचारलं तं लाजते, नाई म्हनत." ते स्वतःच लाजले. "तुह्या मशीनीत असन नं? थो अख्खा आयकव मले एकडाव."

चंद्रकुमार कॉम्प्युटरकडे वळला, पण काय सापडणार आहे ते त्याला माहीत होतं. डिस्क भरली होती म्हणून त्यानं कापलेला तुकडाच मूळ रेकॉर्डिंगच्या फाइलवर चढवला होता. आधीचं पुसू का, असं कॉम्प्युटरनं विचारलंही होतं. त्यानं हो म्हटलं होतं. गाणं पुसलं तरी तो तुकडा उरला होता; आता तिथं एकच शब्द होता. त्यानं तो वाजवला.

लक्ष्मणरावांनी कान पुढे केला. "हे तं माहं नाव झालं. त्याच्या आधी का म्हनली थे?"

"थे... नाई राहिलं, मोठेबाबा. पुसलं गेलं."

"बरं, मशीनीतलं गेलं तं जाऊ दे. तू तं आयकलं नं? तूच सांग."

चंद्रकुमारनं आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला. त्याला स्क्रीनवरची, आवाज मोजणारी हिरवी रेघ आठवली. ती उंच चढली, लाल होता होता वाचली, ते आठवलं. "रा"वर पडलेली लाट अजून डोळ्यांसमोर होती. शब्द एकही नव्हता. हेडफोन कानाला लावून, मोठी आई त्याच्यापासून चार पावलांवर उभी असताना, त्यानं ऐकलंच नव्हतं.

लक्ष्मणराव पोत्यावरून पुढे सरकले.

"का झालं गा? तू तं तिथंच होता नं?"

"होतो," चंद्रकुमार म्हणाला.